अकरा मिलिसेकंदांचा माणूस

ग्राहकांना माणसाची ऊब मिळाली पाहिजे, असं एका कंपनीने ठरवलं. तक्रारींच्या फोनवर गेली चार वर्षं यंत्रच बोलत होतं आणि ते काढून तिथे माणूस बसवणं कंपनीच्या शिस्तीत बसत नव्हतं. म्हणून ताटकळलेल्या ग्राहकाला ऐकवायला 'आम्ही माणसं आहोत' हे गाणं मंजूर झालं. त्यातला ताल खऱ्या माणसाने खऱ्या हातांनी वाजवावा, असंही ठरावात नमूद करण्यात आलं.

त्यानुसार ढोलवाला स्टुडिओत हजर झाला. ढोल, डफ, खंजिरी, झांज, खुळखुळा, लाकडी ठोकळे आणि टाळ्या, असे सात थर त्याने एकट्याने एकावर एक वाजवायचे होते. ऐकणाऱ्याला मात्र सात जण रंगात आल्यासारखे वाटले पाहिजेत. स्वारी खुशीत होती. पंचवीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवलं, पण व्हायोलिनांच्या गर्दीत बायकोला त्याचा हात एकदाही ओळखू आला नव्हता. "या खेपेला नुसता मीच आहे, बघ," असं तिला छातीठोकपणे सांगून तो निघाला होता.

त्याने ढोल वाजवला. मग कानात तोच ढोल ऐकत डफ वाजवला. ध्वनिमुद्रकाने पडद्यावरून नजर काढली नाही.

"काका, तुमची दुसरी थाप अकरा मिलिसेकंद उशिरा पडते."

"ती मी उशिराच पाडतो. तिथेच तर मजा आहे."

काचेमागे बसलेल्या कंपनीच्या अधिकारी बाईंनी मान हलवली. "विलंब आमच्या धोरणात बसत नाही." त्यांच्या फोनवर सरासरी चाळीस मिनिटं थांबावं लागे, पण कागदोपत्री तो विलंब नव्हता, प्रतीक्षा होती.

संगणकात थाप सरकवून नेमक्या ठोक्यावर सरळ करण्यात आली. मग सातही थर सरळ झाले आणि एकमेकांवर असे काटेकोर बसले, की सात जणांच्या जागी एकच जण ऐकू येऊ लागला. मनुष्यबळ अपुरं असल्याचा शेरा बाईंनी मारला. थर चौदा झाले, अठ्ठावीस झाले. ढोलवाल्याच्या तळहातांची सालटी निघाली, आणि प्रत्येक नवा थर सरळ होऊन आधीच्या थरात गडप झाला. अखेर 'वादकाचा थकवा' असं कारण नोंदवून सगळ्या थापांच्या जागी संगणकातले तयार आवाज बसवले गेले.

"आता अगदीच यंत्र वाटतंय," बाई म्हणाल्या. "गाणं माणसांचं आहे."

"त्याला बटण आहे. माणूसपणा. बारा टक्के ठेवू?"

"पंधरा ठेवा. ग्राहकसेवेत हात आखडता नको."

बटण फिरलं आणि बाईंचा चेहरा खुलला. "आता कसं जिवंत वाटतंय. काय केलंत?"

"विशेष काही नाही. दुसरी थाप अकरा मिलिसेकंद उशिरा पाडली."

ढोलवाल्याने फाडकन कपाळावर हात मारून घेतला. माइक चालूच होता.

"हा आवाज कसला?" बाईंनी विचारलं.

"काकांचा आहे. काढून टाकतो."

"राहू द्या, भरीव आहे. प्रत्येक ओळीनंतर टाका. पण सरळ करून."

गाणं सुरू झाल्याचं कळताच बायकोने कंपनीला फोन लावला. तक्रार काहीच नव्हती. ढोलवाला मान खाली घालून बसला होता. यातली एकही थाप आपली नाही, हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं, हेच त्याला कळेना. पहिली ओळ संपली.

"अहो, हे तुम्हीच."

"कशावरून?"

"पंचवीस वर्षं ऐकतेय. माझ्या माहेरचं कुणी आलं की हाच आवाज येतो."

त्याला हसू आलं.

ते गाणं तुम्हीही ऐकलंय. चौथ्यांदा नऊ दाबूनही तेच सुरू झालं, तेव्हा तुम्ही कपाळावर हात मारलात, आठवतंय? हा कॉल ध्वनिमुद्रित केला जात आहे, असं तुम्हाला आधीच सांगितलं होतं. पुढच्या गाण्यासाठी थर गोळा होत आहेत. तुमचा हात जरा उशिरा पडला, पण काळजी नको, तेवढा ते सरळ करून घेतील.