करंदीकरकाका खासगीत बोलायचे

आमच्या मराठी कट्ट्याच्या ग्रुपवर तुम्ही सकाळी सकाळी गुलाबाचं फूल टाकलंत, तर करंदीकरकाका तुमच्या घरी यायचे. मेसेज नाही, फोन नाही, स्वतः. लखनौच्या सरोजिनी नगरहून स्कूटर काढून, भर उन्हात, डोक्याला पंचा गुंडाळून.

काका आता मुलाकडे पुण्याला गेलेत. ग्रुपवर रोज फुलांचा सडा पडतो आणि कोणी म्हणजे कोणी येत नाही. खरं सांगते, करमत नाही.

लखनौतल्या मराठी माणसांचा हा ऑनलाइन कट्टा काकांनीच काढला. शास्त्रज्ञ म्हणून निवृत्त झाले, तेव्हा हाताशी वेळ भरपूर आणि नियम करायची हौस त्याहून दांडगी. एकूण नियम अकरा. फुलं नकोत, राजकारण नको, दिवसाला दोनपेक्षा जास्त फोटो नकोत, वगैरे. अकरावा सगळ्यांत कडक: कोणाचं चुकलं तर चारचौघांत बोलायचं नाही, खासगीत बोलायचं. सभासद निम्मे फौजेतले, निम्मे प्राध्यापक. म्हणजे ऐकून घेणारं कोणीच नाही.

माझ्याकडे ते पहिल्यांदा आले, कारण मी चौक बाजारातल्या चिकनकारीच्या कुर्त्यांचे सात फोटो टाकले होते. आल्यावर पाणी झालं, चहा झाला, पोहे झाले, पोह्यांत शेंगदाणे कमी पडलेत हेही सांगून झालं. मग माझ्या मुलीला म्हणाले, "बाळ, जरा आत जातेस? खासगी आहे." पोरगी घाबरली. तिला वाटलं, आईचा कसला तरी रिपोर्ट आलाय. काकांनी खिशातून चिठ्ठी काढली. तिच्यावर माझं उल्लंघन शाईच्या पेनाने उतरवलेलं होतं.

"सुनंदा, पाच फोटो जास्त झाले. रागावू नकोस हं. मी कोणाला बोललो नाहीये."

बोलायची गरजच काय? स्कूटर ज्याच्या दारात, त्याने काहीतरी केलंय हे सगळ्यांना कळायचंच.

"आजोबा, मेसेज कर देते ना. इतनी धूप में क्यों आए?" मुलगी आतून म्हणाली.

"अगं, लिहिलेलं राहतं. माणूस ते पुन्हा पुन्हा वाचतो," काका म्हणाले. हे म्हणताना ते हसले नव्हते. माझ्या ते तेव्हा लक्षात आलं नाही.

गंमत अशी, की सगळं लखनौ पालथं घालणारी ती स्कूटर शहराबाहेरच्या बख्शी का तालाबकडे कधी वळायची नाही. तिकडची मंडळी बिनधास्त फुलं टाकायची, राजकारण करायची. आम्हाला वाटायचं, काकांना पेट्रोल परवडत नसेल.

एकदा काकूंनीच खरं सांगितलं. कट्टा नवा होता तेव्हाची गोष्ट. हवाई दलातले शिंदे काकांचे जिवाभावाचे दोस्त. राहायला बख्शी का तालाबला. गणपतीत आरती काकांची, ढोलकी शिंद्यांची. लेकीच्या हळदीला शिंद्यांनी हौसेने ग्रुपवर बत्तीस फोटो टाकले. काकांनी सगळ्यांसमोर लिहिलं, "शिंदे, हा कट्टा आहे, तुमच्या घरचा अल्बम नाही."

शिंदे ग्रुप सोडून गेले. संध्याकाळच्या लग्नासाठी काकांचा सूट इस्त्री करून ठेवलेला होता. "कोणत्या तोंडाने जाऊ?" म्हणत काका घरीच बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी अकरावा नियम केला. तेव्हापासून आमच्या आरत्या टाळ्यांवर भागत होत्या. मी नंतर आलेली. मला वाटायचं, आपल्यात ढोलकी वाजवणारं कोणी नाहीच.

मग एका हिवाळ्यात कळलं, शिंदे घर विकून लेकीजवळ साताऱ्याला चाललेत. मी काकांना सांगितलं. बराच वेळ ते चष्मा पुसत राहिले.

"त्यांना ग्रुपवर परत घे. मी घेतलं तर यायचे नाहीत."

"काका, सरळ जाऊन भेटा की. खासगीत बोला."

"अपमान सगळ्यांदेखत केला आणि माफी कोपऱ्यात मागू? तो चोरटेपणा झाला."

मी शिंद्यांना फोन केला. "एक दिवस येतो, निरोप घेण्यापुरता," ते म्हणाले. ते ग्रुपवर आले आणि लगेच काकांचा मेसेज आला.

"मंडळी, अकराव्या नियमाचं सर्वांत मोठं उल्लंघन माझं आहे. शिंद्यांच्या लेकीच्या हळदीला मी त्यांना तुमच्यादेखत टाकून बोललो. चूक सर्वस्वी माझी. त्या लग्नाचे फोटो मला अजून बघायचे आहेत."

कोणी शिंकलं तरी चाळीस अंगठे उमटणारा आमचा ग्रुप. पण कोणी हूं की चूं केलं नाही. मी हातातली सब्जी तशीच धरून फोनकडे बघत होते.

अर्ध्या तासाने शिंद्यांनी लिहिलं, "करंदीकर, खासगीत बोलू. उद्या जेवायला या."

म्हणजे ग्रुपबाहेर राहूनही काकांचं ते 'खासगीत बोलू' त्यांच्यापर्यंत पोचलं होतं तर.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजायला लागला तो थांबेचना. लग्नाचे फोटो. मंडप, वरमाला, पंगत, एकामागून एक. मला वाटलं, शिंदे पाठवताहेत. नाव बघितलं तर काका. वीस झाल्यावर मी मोजणं सोडून दिलं.

शेवटचा फोटो पाठवणीचा होता. लेक गाडीत बसलीय, आणि फेट्याचा शेमला डोळ्यांना लावून शिंदे एकटेच उभे आहेत. खाली काकांनी लिहिलं होतं, "इथे त्यांच्याशेजारी मी असायला हवं होतं."