आचाऱ्याच्या वेषातला देव

"आईला पटवणं म्हणजे माझ्या हातचा मळ आहे!" शेवगावच्या कचेरीतल्या रविकांत कारकुनानं छाती ठोकून सांगितलं. त्या छातीत हवा किती आणि धीर किती, हे संध्याकाळपर्यंत गावाला कळायचं होतं.

गोष्ट साधी होती. वैशाखात त्याचं लग्न झालं, आता पौष लागला, तरी बायको त्याच्याशी बोलत नव्हती. राग नव्हता, रुसवा नव्हता. बोलायला जागाच नव्हती. घर काडेपेटीएवढं, आणि त्यात आई कुठं नाही असा कोपरा नव्हता. इंदू नवऱ्याशी बोलायची ती "वाढू?" आणि "हं" एवढंच. पहाटे जात्यावर बसली की मात्र तिचा गळा मोकळा व्हायचा. ओवीत भाऊराया यायचा, माहेरचा पिंपळ यायचा, दारचा मोगरा यायचा. रविकांत पांघरुणातून कान टवकारून ऐकायचा, आपली पाळी कधी येतेय म्हणून. एक दिवस माहेरच्या गोठ्यातल्या कपिलेवर ओवी झाली. नवऱ्यावर नाही!

अशात गावाबाहेर, बाजारतळावर, सिनेमाचा तंबू पडला. त्यात लागलेला खेळ रविकांतनं नगरला पाहिला होता. एक नायक, एक नायिका, तिचा छत्रीवाला तापट बाप. प्रेमासाठी नायक मिशा उतरवून तिच्याच घरी आचारी म्हणून राहतो, पाणी भरतो, पोळ्या करपवतो, आणि चुलीपाशी दोघं गुलुगुलु बोलत बसतात. रविकांतला वाटलं, इंदूनं एवढं पाहिलं की तिच्या जिभेची गाठ आपोआप सुटेल.

"आई, आज सिनेमाला जाऊ म्हणतो. इंदूलाही नेतो."

"कसला सिनेमा?"

इथं त्याची जीभ घसरली. "देवाचा."

"कुठल्या देवाचा रे?"

"ते… ते शेवटी कळतं."

आईचा चेहरा निरांजनासारखा उजळला. "मग मी घरी बसून काय माशा मारू?"

आई निघाली, आणि आई निघाली म्हणजे तिच्या पोथीला बसणाऱ्या साऱ्याजणी निघाल्या. दुधाचा रतीब घालणारी गोजरबाई आली, तिची जाऊ छबूबाई आली, अख्खी आळी आली. कुणाच्या हातात फुलांची परडी, कुणाच्या हातात टाळ, आईच्या ताटात निरांजन, खडीसाखर आणि सोललेला नारळ. शेंडी तेवढी ठेवलेली.

तंबूच्या दाराशी गोजरबाईनं हुकूम सोडला, "पायतानं भाईर काढा! आत देव हाय!"

तंबूचा मालक गहिनीनाथ चक्रावला. पण समोर एवढ्या बायका उभ्या, हातात टाळ! त्यानं गुपचूप आपलेही जोडे काढले. मग आतल्या पुरुषांनीही काढले. दाराशी वहाणांचा असा ढीग झाला की कुणाला वाटावं, आत गावजेवणाची पंगतच बसलीय.

आत मधोमध दोर बांधलेला. अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. हा दोर रविकांत साफ विसरला होता! तो दोरालगत बसला. पलीकडे आई, मग गोजरबाई, मग छबूबाई, आणि त्यांच्याही पलीकडे पदराच्या टोकाएवढी दिसणारी इंदू. माहेरापेक्षा लांब.

खेळ सुरू झाला. नायिका सायकलवरून आली, नायक टोपी घालून आला आणि तिच्या चाकाखाली पडला.

"रवि, देव कुठंय?" आईनं दोरावरून विचारलं.

"येईल."

"हा टोपीवाला कोण?"

"तो… सामान्य जीव."

तेवढ्यात रीळ संपलं. गहिनीनाथकडं मशीन एकच, त्यामुळं रीळ बदलेपर्यंत दिवा लागायचा. दिवा लागला, आणि आईला वाटलं, अध्याय संपला!

"बोला, गोपाळकृष्ण महाराज की—"

"जय!" बायका गरजल्या. टाळ वाजले, खडीसाखर फिरली.

रविकांतशेजारी मच्छिंद्र बसला होता. बाजारला आलेला शेतकरी, बैलगाडी तंबूमागं सोडून आत शिरलेला. हातावर खडीसाखर पडल्यावर तो कुजबुजला, "भाऊसाहेब, मला तर सांगितलं हुतं, लई हसायचा खेळ हाय!"

"आहे की. पुढं आहे."

"मंग ह्यो परसाद कशाचा?"

रविकांतनं उत्तर म्हणून खडीसाखर खाल्ली.

दुसऱ्या अध्यायात, म्हणजे रिळात, नायकानं मिशा उतरवल्या, सोवळं नेसलं, आणि खांद्यावर कावड घेऊन नायिकेच्या घरी पाणी भरू लागला. आईनं गोजरबाईचा दंड धरला.

"अगं बायांनो! ओळखलंत का?"

"काय वो काकू?"

"पलीकडं पैठणात देवानं भक्ताघरी कावडी वाहिल्या, विसरलात? तोच हा! आचाऱ्याच्या वेषात आलाय!"

तंबूतून शिरशिरी गेली. तेवढ्यात त्या नायकाला काय अवदसा आठवली कोण जाणे, नायिकेला हसवायला त्यानं जेवणाचं ताट बोटावर धरून गरगर फिरवलं.

"चक्र!" छबूबाई किंचाळली. "सुदर्शन चक्र!"

परड्या रिकाम्या झाल्या. झेंडूच्या पाकळ्या उडाल्या. निरांजन पेटलं, साऱ्या बायका उभ्या राहून आरती म्हणू लागल्या. मच्छिंद्रनं मुंडासं काढून हात जोडले. "भाऊसाहेब, माफी करा. वळखलंच न्हाई मी!"

रविकांत मान उंचावून इंदूला शोधत होता. इंदू आरतीला टाळ्या वाजवत होती. पण डोळे मिटलेले नव्हते. डोळे पडद्यावरच होते, समईच्या वातीसारखे टक्क. भिडतोय, खेळ तिला भिडतोय!

आणि मग चूल आली. देवानं नायिकेचा हात धरला.

"रवि!" आईचा आवाज चिमट्यासारखा आला. "हे काय?"

"आई, तो… भक्तीचा हात आहे."

"आणि कानाशी काय सांगतोय?"

"मंत्र. गुरुमंत्र देतोय."

"ती लाजते कशाला मग?"

इथं रविकांतची गाडी रुतली. पण गोजरबाई धावून आली. "काकू, मागल्या जन्मी ती गवळन आसंल! तिची वळख हाय त्येची!"

"बरोबर! गवळणच!" रविकांत ओरडला. एवढ्या जोरानं ओरडला की मागून पुरुष म्हणाले, "भाऊसाहेब, हुबं ऱ्हाऊन सांगा की! आमाला बी कळू द्या!"

नाही म्हणायची सोय उरली नव्हती. उपरणं खांद्यावर टाकून तो उभा राहिला आणि निरूपण सांगू लागला. नायकानं पोळी करपवली, "ही पाहा, अहंकाराची राख!" नायिकेनं चिठ्ठी लपवली, "नामाचं धन असंच झाकून ठेवावं, बायांनो!" नायक तिच्या खिडकीखाली पिंपात बसला, "देव कुठंही राहतो हो, पिंपातही राहतो!" बायकांचे डोळे पाणावले. पुरुष माना डोलावू लागले. रविकांतच्या अंगात कीर्तनकार शिरला, तो काही केल्या बाहेर निघेना. शेवटी मशीनमागून गहिनीनाथनं हाक दिली, "सायेब, मी सिनेमाचा आवाज बंदच करतो! तुमचंच झ्याक चाललंय!"

आणि त्यानं खरंच बंद केला.

अखेरचं रीळ लागलं. नायिकेच्या छत्रीवाल्या बापाला, म्हणजे रावबहादुराला, आचाऱ्याचं गुपित कळलं. छत्री उगारून तो देवामागं धावला. देव टेबलाखाली शिरला. छत्री वर गेली—

"अरे मेल्या! कुणावर हात टाकतोस?" आई ताडकन उठली.

"आई, तो नुसता पडदा—"

"तू मधे बोलू नकोस!"

नारळ सुटला. लग्नाआधी आई माहेरी गोफणीनं पाखरं राखायची, हे रविकांतनं ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. नारळ सरळ रावबहादुराच्या पोटात गेला, पोटातून पार झाला, आणि जुना, ठिकठिकाणी शिवलेला पडदा टरटर फाटून त्याचं एक मोठं फडकं खाली लोंबू लागलं.

"मेला!" बायकांनी टाळ पिटले.

गहिनीनाथ डोक्याला हात लावून बसला. पण मशीन चालूच. भोकाभोवती खेळ पुढं सरकला. शेवटी नायिका हार घेऊन नायकापाशी आली. तो जिथं उभा होता, नेमकं तिथंच भोक! मशीनचा झोत त्या भोकातून आरपार गेला. पडद्यामागं तंबू उघडाच, तिथल्या अंधारात एक तोंड उजळलं. मोठाले डोळे, लांब शिंगं, संथ रवंथ. कडब्यासोबत आता पुढ्यात फुटलेलं खोबरंही होतं. मच्छिंद्रचा बैल! नायिकेनं लाजत, मान खाली घालून, हार पुढं केला. बैलानं मान हलवली.

बायकांचे हात आपोआप जोडले गेले.

"नंदी!" गोजरबाई भुईवर आडवी झाली. "दर्शन दिलं गं बायांनो!"

"आवो, त्यो माझा ढवळ्या हाय!" मच्छिंद्र कळवळून म्हणाला, पण तोवर छबूबाईनं त्याच्याच पाया पडून घेतलं होतं. "धन्य तुमी! तुमच्या गोठ्यात ऱ्हातो त्यो!"

मच्छिंद्रनं थोडा विचार केला आणि छाती पुढं काढली. "व्हय. ऱ्हातो खरा."

घरी परतताना आईचे पाय भुईला लागत नव्हते. "रवि, जन्माचं सार्थक केलंस रे!" म्हणून तिनं त्याच्यावरून बोटं मोडली आणि पाय धुवायला आडाकडं गेली. आणि मंडळी, वैशाखापासून जे घडलं नव्हतं ते घडलं. माजघराच्या दाराशी रविकांत आणि इंदू, दोघंच. दिवा बारीक, तिच्या केसांत झेंडूची एक पाकळी.

"अहो," इंदू म्हणाली.

रविकांतच्या काळजात सनई वाजली.

"एक सांगू?"

"सांग! सांग ना!"

"उद्या पुन्हा सिनेमाला जायचं आहे. गहिनीनाथ म्हणाले, पडदा दुपारपर्यंत शिवून होईल."

"जाऊ की! उद्या काय, रोज नेईन तुला!"

"तुम्ही नाही." इंदूनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "सासूबाईंचं आणि माझं ठरलंय. चुलीपाशी तो तिला काय म्हणाला, ते मला ऐकायचंय. आज तुमच्यामुळं एक अक्षर ऐकू आलं नाही. तुम्ही घरीच थांबा. दूध तापवून, थंड करून, तेवढं विरजण लावून ठेवाल?"



"हं," रविकांत म्हणाला.