मंडळीस अर्पण

सर स्वयंपाकघरात चहा गाळत होते आणि काकू जेवणाच्या टेबलावर प्रुफे तपासत होत्या. एरवी प्रुफे वाचताना काकूंचे तोंड चालू असे. "इथे वेलांटी दुसरी हवी", "हा पूर्णविराम कुठे गेला" असे बाहेरून ऐकू येई. आज बराच वेळ काहीच आवाज नाही, म्हणून सरांनी डोकावून पाहिले. काकूंनी चष्मा काढून ठेवला होता आणि त्या चक्क रडत होत्या.

"काय गं, एवढ्या चुका आहेत?"

"चुका कसल्या. चाळीस वर्षांत एकदा माझा वाढदिवस लक्षात ठेवला नाहीत तुम्ही. आणि आता हे."

हे म्हणजे अर्पणपत्रिकेचे पान. त्यावर मधोमध दोनच ओळी होत्या : ‘मंडळीस, जिच्याशी जन्मभर वाद घातला आणि जिच्यावाचून मला कुठे ठिकाण नाही.’

आता इथे थोडा खुलासा केला पाहिजे. सर एका धर्मविद्यालयात बत्तीस वर्षे ख्रिस्ती मंडळीचा इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. चर्चची इमारत वेगळी आणि मंडळी वेगळी. मंडळी म्हणजे त्या इमारतीत जमणारी, जगभरची, सगळ्या काळांतली श्रद्धावंत माणसे. हा फरक त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या पुरवण्या जोडून सांगितला होता की विद्यार्थी त्यांना ‘तळटीप सर’ म्हणत. ‘मंडळी आणि तिचे मतभेद : पहिली पाच शतके’ हा त्यांचा नऊशे बारा पानांचा ग्रंथ अखेर छपाईला निघाला होता. पण हेच सर घरी फोन आला की म्हणत, "थांबा, आमच्या मंडळीला विचारून सांगतो." त्या मंडळी म्हणजे काकू. बायकोला मंडळी म्हणणारा नवरा आता दुर्मीळ झाला आहे. मंडळीवर नऊशे पाने लिहून पुन्हा बायकोलाही मंडळी म्हणणारा बहुधा हा एकच असावा.

सरांच्या मनात होती ती ख्रिस्ती मंडळी. या बाईने त्यांचे गिचमिड अक्षर लावून अख्खा ग्रंथ दोनदा लिहून काढला होता, प्रुफांची ही तिसरी फेरी होती. तिला ‘ती मंडळी तू नव्हेस’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे? उद्या सकाळी शांतपणे सांगू, असे त्यांनी ठरवले. तोवर काकूंनी फोन लावलासुद्धा.

"ताई, ऐक. यांनी पुस्तक मला अर्पण केलंय. हो, मलाच. वाचून दाखवू?"

ताई म्हणजे काकूंची थोरली बहीण. ‘तुझ्या नवऱ्याचा तुझ्यापेक्षा पाचव्या शतकावर जास्त जीव आहे’ हे मत ती काकूंच्या लग्नापासून बाळगून होती आणि घरातल्या प्रत्येक कार्यात बोलूनही दाखवत होती. फोन ठेवताना काकूंचा चेहरा उजळला होता. "ताई येतेय प्रकाशनाला. तिकीट काढते म्हणाली. म्हणाली, पहिली प्रत तुझ्या हातात बघायचीय मला."

सरांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. कारण पहिली प्रत कोणी घ्यायची हे आधीच ठरले होते. प्रस्तावनाच बिशपसाहेबांची होती आणि तिचे शेवटचे वाक्य होते, ‘लेखकाने हा ग्रंथ मंडळीला अर्पण केला आहे, मंडळीच्या वतीने मी तो आनंदाने स्वीकारतो.’ म्हणजे भर सभेत, ताईच्या देखत, काकू उठणार आणि प्रत बिशपसाहेब घेणार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फिरायला म्हणून बाहेर पडून डीटीपीवाल्याला फोन केला. हा गृहस्थ मोठा कष्टाळू होता, फक्त ज्या शब्दाचा अर्थ कळत नाही तो त्याला चुकीचा वाटे. ‘पाखंड्यांचा निषेध’ या प्रकरणाला त्याने पहिल्या प्रुफात ‘पाखरांचा निषेध’ करून ठेवले होते. सर हळू आवाजात म्हणाले, "अर्पणपत्रिकेत मंडळीच्या आधी ‘ख्रिस्ती’ घाला. आणि पान माझ्याकडेच पाठवा." त्याने इमानदारीत पान सरांच्या घरी पाठवले. घरी पाकीट काकूंनी उघडले.

"हे ख्रिस्ती कशाला?" काकूंनी विचारले. "बिनख्रिस्ती मंडळी आणखी कुठे ठेवलीय की काय तुम्ही?"

"नाही गं. आपलं स्पष्ट असावं म्हणून."

"माझ्याबद्दल एवढं स्पष्ट करायची गरज नाही," म्हणून काकूंनी शब्दावर लाल रेघ मारली.

चार दिवसांनी सरांनी पुन्हा धीर केला. या वेळी त्यांनी ‘सार्वत्रिक’ हा शब्द घातला. धर्मशास्त्रात मंडळीला हे विशेषण फार जुन्या काळापासून लागते; ते वाचून कोणाही जाणकाराच्या मनात शंका उरली नसती. काकूंनी पान बराच वेळ समोर धरले.

"सार्वत्रिक?" त्या म्हणाल्या. "नळ सार्वजनिक असतो हो. बायको नसते."

"सार्वजनिक नाही, सार्वत्रिक. म्हणजे सर्व दिशांना पसरलेली."

काकूंनी मान खाली घालून स्वतःकडे एकवार पाहिले. "पसरलेय थोडी, नाही म्हणत नाही. पण ते काय छापून आणायचं?" आणि तिथेही रेघ आली.

आता एकच मार्ग होता. सर बिशपसाहेबांकडे गेले. बाहेरच्या खोलीत आठ-दहा माणसे ताटकळत होती, त्यामुळे साहेब घाईत होते.

"साहेब, मंडळीचा जरा गैरसमज झालाय."

"मंडळीत गैरसमज नवीन आहेत का? तुम्ही तर नऊशे पानं भरलीत त्यावर. कुठल्या मंडळीचा?"

"घरच्या."

बिशपसाहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "घरातली मंडळी? म्हणजे घरोघरी भरायची, पहिल्या शतकासारखी? अहो, हे बोलला नाहीत कधी. छान उपक्रम. कितीजण असता?"

"मी आणि ती."

"दोघं म्हणजे सुरुवात आहे. निराश होऊ नका, वाढेल हळूहळू."

"आमचं वय पाहता आता नाही वाढायची, साहेब," असे सर म्हणाले. ते साहेबांना त्यांच्या विनयाचे लक्षण वाटले. त्यांनी सरांच्या डोक्यावर हात ठेवून दोन ओळींची प्रार्थना केली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

प्रकाशन विद्यालयाच्या ग्रंथालयात होते. वाचायची टेबले भिंतीला लावून मध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत काकू, केसांना ताजा रंग लावून; शेजारी ताई, कॅमेरा चालू असलेला मोबाइल हातात धरून. सर आदल्या दिवसापासून नीट जेवले नव्हते. प्रास्ताविकात काय बोलले गेले ते त्यांना ऐकूच आले नाही. काकू आता रडतील ते रडणे वेगळे असेल, एवढेच त्यांच्या मनात फिरत होते, आणि हे आपण केले याचे त्यांना मनापासून वाईट वाटत होते.

"आता ज्या मंडळीला हा ग्रंथ अर्पण केला आहे," प्राचार्य म्हणाले, "त्या मंडळीच्या वतीने पहिली प्रत स्वीकारावी अशी मी विनंती करतो."

मंचावर बिशपसाहेब उठले. समोर काकू उठल्या. दोघेही दोन्ही बाजूंनी चालत सरांपर्यंत आले आणि सर मधे प्रत छातीशी घट्ट धरून उभे राहिले. बिशपसाहेबांनी प्रत सरांच्या हातून हळूच सोडवून घेतली, माइक जवळ ओढला आणि अर्पणपत्रिका मोठ्याने वाचली.

"‘माझ्या पत्नीस, जिच्याशी जन्मभर वाद घातला आणि जिच्यावाचून मला कुठे ठिकाण नाही.’"

ते थांबले. त्यांनी पान जवळ नेऊन पुन्हा वाचले, मग काकूंकडे पाहिले. "मग मी इथे काय करतोय?" हे त्यांनी स्वतःशीच म्हटले होते, पण माइकमुळे शेवटच्या रांगेलाही ऐकू गेले. सगळे हसले. साहेबही हसले आणि त्यांनी प्रत दोन्ही हातांनी काकूंना दिली. ताईने मोबाइल खाली ठेवून आधी डोळे पुसले, मग तो पुन्हा उचलला.

संध्याकाळी परत निघताना ताई पुढे झपाझप चालत कोणाला तरी फोनवर सगळे सांगत होती. सर आणि काकू मागे होते.

"डीटीपीवाल्याला बदल कोणी सांगितला?" सरांनी विचारले.

"मी. शेवटचं प्रूफ मीच नेऊन दिलं ना."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"सार्वत्रिक लिहिलंत तेव्हा कळलं. नऊशे पानं इतक्यांदा वाचल्यावर सार्वत्रिक मंडळी कोण एवढं मला कळणार नाही?"

"मग तेव्हाच बोलायचंस. मी आठवडाभर झोपलो नाही."

"तोवर ताईचं तिकीट आलं होतं हातात."

सर म्हणाले, "खरं सांगू? लिहिताना माझ्या डोक्यात तू नव्हतीस. पण आज साहेबांनी वाचलं ना, तेव्हा वाटलं, दोन्ही गोष्टी तुलाच जास्त लागू पडतात."

"ते मला तेव्हाच वाटलं होतं. म्हणून वाक्याला हात लावला नाही. फक्त पत्ता बदलला."

"पण साहेबांच्या प्रस्तावनेत तर मंडळीच आहे."

"दुसऱ्याच्या मजकुरात आपण ढवळाढवळ करत नाही," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मंडळीचं मन दुखवायला नको. दुसरी आवृत्ती मंडळीला अर्पण करा."

सरांनी मान डोलावली. पहिल्या पाच शतकांच्या मतभेदांवरच्या नऊशे पानी ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघत नसते, हे त्या दोघांनाही चांगले माहीत होते.