परत येण्याची कारणं

“मी परत येणार नाही, असं यांना सांगितलं कोणी?”

निरीक्षकांनी वकिलातीच्या नकाराचा कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर बोट दाबून धरलं. कागद तेवढ्यात पळून जाईल की काय अशी त्यांना शंका असावी. निवृत्त होईपर्यंत चौतीस वर्षं ते वजनमापं तपासायच्या खात्यात होते. बाजारात त्यांची सायकल दिसली की दुकानदार तागडीखाली चिकटवलेला चिंचोका काढून खिशात टाकत. असा माणूस परदेशी जाऊन तिथेच दडून बसेल, असा संशय कुणी घ्यावा, हे त्यांना फार लागलं होतं.

“कुणी सांगावं लागत नाही साहेब,” व्हिसावाला म्हणाला. “त्यांना तसं वाटतं.”

व्हिसावाला म्हणजे या सहल कंपनीतला कारकून. त्याला नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर. सहल कंपनीचे दिवस मोठे बरे चालले होते. पूर्वी परदेशी कोण जाई, तर डॉक्टर नाहीतर बिल्डर. आता इस्त्रीवाला जाऊन आला होता, शाळेतल्या बाई जाऊन आल्या होत्या, आणि कोपऱ्यावरचा केशकर्तनवाला तर दुसऱ्यांदा निघाला होता. या सगळ्यांचे अर्ज व्हिसावाल्याच्या हातून गेले होते. कुठल्या हॉटेलच्या कुठल्या मजल्यावरून तळं दिसतं आणि कुठून नुसता वाहनतळ, हे त्याला तोंडपाठ होतं. एकवीस वर्षांत तो स्वतः मात्र विमानतळाच्या दारापर्यंतच गेला होता, तेही ग्रुपच्या विसरलेल्या टोप्या पोचवायला.

“अर्जात एक परिच्छेद असतो,” त्याने समजावलं. “परत येण्याची कारणं. तुमचा तो फारच छोटा झाला. पत्नी?”

“चार वर्षं झाली जाऊन.”

“मुलं?”

“नाहीत.”

“नोकरी संपली. घर आहे, पण घर काही कुणाची वाट बघत नाही. वकिलातीला वाट बघणारं माणूस लागतं. आपण असं करू, एक भाचा लिहू. तुमच्यावर अवलंबून असलेला, शिकणारा.”

“मला भाचा नाही.”

“अहो, खरा कुठे हवाय? अर्जापुरता. निम्म्या लोकांना असतो.”

निरीक्षकांनी त्याच्याकडे जे पाहिलं, त्याने व्हिसावाल्याचा हात आपोआप टेबलाखाली गेला. तिथे चिंचोका नव्हता, तरीही.

“खोटं एक अक्षर नको.”

“मग राहू द्या ना साहेब,” व्हिसावाला कंटाळून म्हणाला. “आपल्या इथे काय कमी आहे बघायला? तिथे जाऊन तरी काय, डोंगर आणि तळं.”

 निरीक्षक खाली बघत म्हणाले, “जायची मला फारशी हौस नाही. परत यायची आहे. आमच्या इमारतीखाली बाक आहे. जो तो जाऊन येतो, आणि मग आठ दिवस सगळे त्याला विचारत बसतात. कशी झाली ट्रिप, थंडी किती होती, जेवणाचं काय केलं. मी तिथेच बसलेला असतो. चार वर्षांत मला कुणी काही विचारलेलं नाही.”

 व्हिसावाल्यालाही कुणी विचारत नव्हतं, पण ते सांगायची ही जागा नव्हती. समोर रांग वाढत होती, मागच्या बाईंचं बाळ पासपोर्ट चघळत होतं. तेव्हा तो आपलं सुटका करून घ्यायला म्हणाला, “मग खरी कारणं गोळा करून आणा. निदान दोन तरी लागतात. सही-शिक्क्यासह आणा. ग्रुप निघायला अजून अडीच महिने आहेत.”

हे बोलला आणि विसरला. चूक झाली ती इथे. चौतीस वर्षं प्रत्येक नियम अक्षरशः पाळलेल्या माणसाला असं काही सांगायचं नसतं.

आठवड्याने निरीक्षक आले ते एक लेटरहेड घेऊन. त्यांच्या इमारतीच्या समितीचं सचिवपद तीन वर्षं रिकामं पडलं होतं. सभेत तो विषय निघाला की सगळ्यांना एकदम घरचा गॅस चालू राहिल्याचं आठवे. निरीक्षकांनी हात वर केला, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“मला वाटलं माझ्या मागे कुणी आलंय,” निरीक्षक म्हणाले. “वळून बघितलं.”

“एक कारण झालं,” व्हिसावाल्याने कागद फाईलला लावला.

“दोन आहेत.” त्यांनी तोंड उघडून एक दाढ दाखवली आणि दंतवैद्याचं पत्र पुढे केलं. ‘खालची डावी दाढ उघडी ठेवली आहे. उर्वरित काम चार बैठकांत होईल. रुग्णाने परतणे आवश्यक.’

“ही दाढ दुखत होती?”

“आधी नव्हती. आता दुखते.”

पुढच्या आठवड्यात मांजर आलं. म्हणजे मांजराची कागदपत्रं आली. तिसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड घर सोडून गेलं आणि मांजर जिन्यात राहिलं, ते निरीक्षकांनी ठेवून घेतलं. पशुवैद्याचा दाखला होता, लसीची नोंद होती, आणि फोटो होता. फोटोत मांजर पांढऱ्या चादरीपुढे समोर बघत बसलं होतं.

“पांढरी पार्श्वभूमी?” व्हिसावाल्याने विचारलं.

“दोन्ही कान दिसले पाहिजेत, असं तुमच्याच पत्रकात आहे. एक पूर्ण दुपार गेली.”

व्हिसावाला हसला. या टेबलावर तो बऱ्याच वर्षांत हसला नव्हता, त्यामुळे शेजारच्या तिकिटवालीने मान वर करून पाहिलं. त्यानंतर मात्र त्याला एक नवीच सवय जडली. गुरुवारी दुपारी चारनंतर त्याची नजर काचेच्या दाराकडे जाऊ लागली. निरीक्षक गुरुवारी येत. एका गुरुवारी ते आले नाहीत, तर त्याने एका नवविवाहित जोडप्याच्या अर्जात नवऱ्याच्या जागी बायको लिहिली आणि कंपनीच्या मालकीणबाईंची बोलणी खाल्ली.

शेवटचं कारण आलं ते वहीच्या पानावर, थरथरत्या अक्षरात. तळमजल्यावरच्या आजींचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांना वाचायला बंदी होती. निरीक्षक सचिव म्हणून नळाची तक्रार लिहून घ्यायला गेले आणि कादंबरी वाचून दाखवायच्या कामाला लागले. आजींनी लिहिलं होतं : ‘यांनी परत यावेच. सत्तावीस प्रकरणे राहिली आहेत. यांना भावना वाचता येत नाहीत, पण स्वल्पविराम सोडत नाहीत.’

“रोज साडेसहाला बसतो,” निरीक्षक म्हणाले. “मांजरही येतं. तुम्ही अर्ज पाठवून द्या आता.”

व्हिसावाल्याने ती फाईल पाठवली तेव्हा तिचं वजन सात जणांच्या कुटुंबाच्या फाईलइतकं भरलं. परिच्छेद त्याने स्वतः लिहिला. एवढा लांब परिच्छेद एकवीस वर्षांत पहिल्यांदाच झाला होता, आणि त्यात एकही खोटा भाचा नव्हता.

सहाव्या दिवशी व्हिसा आला. व्हिसावाल्याला आभाळ ठेंगणं झालं. त्याने लगेच फोन लावला. “साहेब, आला! छापून आला!”

 पलीकडे मागून कुणीतरी ओरडलं, “सचिव, टाकीचा माणूस आलाय!” आणि फोन बंद झाला.

गुरुवारी निरीक्षक आले. पासपोर्ट उघडून त्यांनी व्हिसा नीट पाहिला, कडेची छपाई तपासली, आणि पासपोर्ट मिटून टेबलावर ठेवला.

“जाता येत नाही हो,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“टाकी गळतेय. कंत्राटदारावर नजर ठेवली नाही तर तो सिमेंटमध्ये नुसती वाळू घालेल. दाढेची तिसरी बैठक आहे. मांजर माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाही. आणि आजी म्हणतात, नऊ दिवस? ती बिचारी नायिका नऊ दिवस विहिरीच्या काठावर उभी राहणार का?”

व्हिसावाल्याने डोक्याला हात लावला. “अहो, पण तुम्हाला परत यायचं होतं ना? बाकावर लोक विचारतील म्हणून?”

“विचारतात हो आता,” निरीक्षक जरा संकोचून म्हणाले. “दुधाची पिशवी आणायला गेलो तरी विचारतात, इतका वेळ होतात कुठे.”

ते उठले. दारापर्यंत गेल्यावर वळून त्यांनी हात जोडले. काम झालं म्हटल्यावर आता गुरुवारी येणार नाहीत, हे व्हिसावाल्याच्या तेव्हा लक्षात आलं, आणि त्याला एकदम वाईट वाटलं.

मालकीणबाईंना वेगळं वाईट वाटलं. ग्रुपच्या तिकिटांपैकी एक सीट आता फुकट जाणार होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि व्हिसावाल्याकडे असं पाहिलं, जसं कपाटातलं एखादं जुनं भांडं अचानक कामाचं वाटावं.

“व्हिसावाले, तुम्हीच जा ना! नाव बदलून घेते मी. सामान मोजाल, टोप्या वाटाल. वीस दिवस आहेत, तुमची फाईल तुम्हीच करा.”

एकवीस वर्षं ज्याची वाट पाहिली, ते असं अचानक पदरात पडलं. संध्याकाळी सगळे गेल्यावर व्हिसावाल्याने कोरा अर्ज पुढे ओढला. फोटो लावला, दोन्ही कान दिसतात का ते पाहिलं. बाकीचे रकाने भराभर झाले. मग तो परिच्छेद आला. ‘नोकरी’ असं त्याने लिहिलं, आणि पेन थांबलं. निदान दोन लागतात, हे त्यानेच हजारो लोकांना बजावून सांगितलं होतं. आईवडील नव्हते. लग्न राहून गेलं होतं. खोली भाड्याची होती, जेवण खानावळीत होतं, आणि खानावळीत त्याच्या जागी दुसरा कुणी बसला तर वाढप्याला कळलंही नसतं. भाचा लिहावा म्हणून त्याने पेन टेकवलं, पण निरीक्षकांची ती नजर आठवली आणि पेन उचललं.

तो फाईल घेऊन सरळ निरीक्षकांच्या इमारतीत गेला. निरीक्षक जिन्यातच भेटले, एका हातात कादंबरी, मागे मांजर.

“साहेब, एक पत्र हवंय,” तो धाप टाकत म्हणाला. “मी तुमचा जवळचा मित्र आहे आणि तुम्ही माझी वाट बघणार आहात, एवढं लिहा. सचिवाचा शिक्का मारा.”

निरीक्षकांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “आपण मित्र आहोत?”

“म्हणजे... नाही का?”

“तुम्ही आज पहिल्यांदा आलात इथे. चहात साखर किती घेता, मला माहीत नाही. झोप लागते का, माहीत नाही. कशावर सही करू?”

व्हिसावाल्याचा चेहरा उतरला. एवढा मोठा माणूस जिन्यात उभ्या उभ्या रडकुंडीला आला, हे लपवायला त्याने फाईल छातीशी धरली. “बरं,” तो म्हणाला. “येतो मग.”

“अहो, नाही म्हटलं का मी?” निरीक्षक म्हणाले. “येत जा की. रोज साडेसहाला या. तीन महिने बघू. खरं ठरलं तर लिहून देईन, शिक्क्यासह.”

“सहल वीस दिवसांत निघतेय साहेब.”

“तेवढ्यात मला नाही ठरवता येणार. तुमचं तुम्ही बघा.” आणि त्यांनी तळमजल्याचं दार ढकललं. आतून आजी म्हणाल्या, “उशीर झाला आज! आणि तो मागे कोण उभाय? आत ये म्हणावं, वारा येतोय.”

त्या संध्याकाळी विहिरीच्या काठावरच्या नायिकेने उडी मारायचं रहित केलं. निरीक्षकांनी तो प्रसंग नळाच्या तक्रारीच्या आवाजात वाचला. आजींनी डोळे पुसले, आणि डॉक्टरांनी रडायला मनाई केली असल्याने त्या व्हिसावाल्यावर ओरडल्या, की तू का नाही थांबवलंस मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकीणबाईंनी विचारलं, “झाली का फाईल?”

“नाही जमणार बाई. दुसऱ्या कुणाला पाठवा.”

“वेडे आहात का? अहो, फुकट परदेशी जायला मिळतंय! असं अडलंय काय तुमचं इथे?”

“रोज साडेसहाला मला एकांकडे जायचं असतं.”

“तुम्हाला?” मालकीणबाईंनी चष्मा खाली घेतला. “कधीपासून?”

“कालपासून,” व्हिसावाला म्हणाला, आणि त्याने रांगेतल्या पुढच्या माणसाला बसायला खुणावलं.