बोरस्ते सरांचे चालते डबे

आमचे शेजारी बोरस्ते सर कुठेही गेले की आधी माणसं पांगवतात. माझ्या भाचीच्या लग्नात गुलाबजामच्या टेबलापाशी जमलेल्या वऱ्हाडाला त्यांनी हातवारे करून हटवलं. "सगळे इथेच? तिकडे मठ्ठ्यापाशी भोक पडलंय!" सिन्नरहून आलेल्या नवरदेवाच्या मामांनी मला बाजूला घेतलं, "कोण हाय हो हे?" मी काय सांगणार, कप्पाळ!

सर इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झाले आणि मखमलाबादच्या आपल्या द्राक्षबागेत त्यांनी चाकांचे डबे सोडले. डबे हवेतला ओलावा मोजतात आणि एकमेकांना बिनतारी कळवतात. फार जवळ आले की लांब सरकतात, फार लांब गेले की जवळ येतात. "एक कोपरा सुटला की तिथून डावणी शिरलीच," सर सांगायचे. डावणी हा रोग म्हणजे द्राक्षाचा काळ, एवढं मला कळतं. पुढे ते काडीने मातीत वर्तुळं काढायचे आणि मी नुसती मान डोलवायचो.

यंदा बागेत डावणी आलीच. घड गळायला लागले.

"एवढे डबे असून?" मी विचारलं.

"भोक राहिलं होतं. माहीत होतं मला."

जगाची भोकं बुजवत हिंडणारा माणूस हे बोलतोय! मी चक्रावलो. तेवढ्यात एक डबा कोपरा सोडून भलत्याच ओळीत शिरताना दिसला.

"हा बिघडलाय का?"

"नाही. तो कामावर आहे."

डब्याच्या पुढे सरांच्या पत्नी, कुसुमकाकू चालल्या होत्या. काकूंना हल्ली काही आठवत नाही. सगळ्या ओळी सारख्याच, त्यामुळे त्या बागेत हरवतात. त्यांच्या मनगटावरच्या पट्ट्याचा माग काढत डबा मागे जातो आणि सरांना जागा कळवतो.

"सोबतीला बाई ठेवा की. डबा मोकळा होईल, बाग तरी वाचेल."

"ठेवली होती. हिने हाकलून दिली. डब्यावर मात्र कधी चिडत नाही. त्याला 'अहो' म्हणते."

"आणि तुम्हाला?"

"मला सर म्हणते. तुम्ही सगळे म्हणता तसं."

मला फार वाईट वाटलं.

"अहो, चला, चहा करते," काकू डब्याला म्हणाल्या आणि घराच्या उलट दिशेला निघाल्या. डबा घरघरत त्यांच्यामागे वळला. सरही निघाले, काकू दचकणार नाहीत एवढं अंतर ठेवून.