आवणीचा दात

कस्तुराबाईच्या जबड्यात डॉक्टरांनी दात रोवला आणि तिच्या थोरल्या जावेची, अंबूबाईची, झोप उडाली.

कस्तुराबाईचा हनुमंत मुंबईच्या एका दातांच्या डॉक्टरांकडे ड्रायव्हर. साहेबांचा लोणावळ्याला बंगला. हाडात धातूचं मूळ बसवून त्यावर दात चढवायची नवी विद्या ते शिकून आले होते. चैत्रात त्यांनी हनुमंताच्या आईला फुकटात एक दात बसवून दिला. अख्खं भाजे गाव बघायला लोटलं. कस्तुराबाई चहाच्या आधी तोंड उघडायची.

"हाडात हाय, हाडात! रातीला काडून पान्यात ठेवाय लागत न्हाई."

हा टोला अंबूबाईला. तिची कवळी रात्री कोनाड्यातल्या पेल्यात निजायची.

तेव्हापासून अंबूबाईची नजर त्या दातावरून हलेना. कस्तुराबाई हसो, जांभई देवो, भांडो, ही आपली दात बघणार आणि मनात म्हणणार, "पड, मेल्या."

आषाढात आवणी, भातरोपांची लावणी, सुरू झाली. एका रविवारी दुपारी दोघी बांधावर जेवायला बसल्या. कस्तुराबाई एकाच बाजूने चावत होती. हिरडी लाल टरारलेली, भाकरीला रक्ताचा ठिपका, आणि जीभ लागली की दात डुलत होता. अंबूबाईला भाकरी एकदम गोड लागली.

"कस्तुरे, हालतोय गं तुजा दात."

"रुजतोय त्यो, आक्का. रोप न्हाई का आदी हालत?" तिने डबीतली चिमूटभर मशेरी दाताच्या बुडाशी दाबली. "दाबलं की धरंल."

गप्प राहिलं असतं तर पंधरा दिवसांत दात आपसूक हातात आला असता. पण कस्तुराबाईच्या तोंडाला पुवाचा वास येत होता. शिवारात आवणीला अंबूबाईसारखा हात नव्हता; कुजकं रोप दाबून बसवलेलं तिला काही बघवेना.

"अगं भवाने, कुजल्यालं रोप दाबत्यात का उपटत्यात? खालची जमीन नासंल!"

"तुला माजं बगवत न्हाई, म्हनून उपटाय निगालीस!"

हे खरंच होतं. अंबूबाईने चिखलाच्या हाताने तिचं मनगट धरलं आणि सरळ लोणावळ्याची गाडी गाठली.

साहेब बंगल्यावरच होते. त्यांनी बाजारातल्या मित्राच्या दवाखान्यात नेऊन फोटो काढला, दात उपसला, आतलं सगळं खरवडून धुतलं.

"महिनाभर थांबला असता तर जबड्याचं हाड गेलं असतं. आता मशेरी बंद. हाड भरलं की सहा महिन्यांनी नवा बसवू. पण एवढ्या लवकर ओळखलं कुणी?"

कस्तुराबाई कापसाचा बोळा सावरत म्हणाली, "आमच्या आक्कानं. तिचं रोज ध्यान असतंय माज्या दातावर."

"एवढी माया!" साहेबांनी अंबूबाईला हात जोडले. "नवा दात रोज यांनाच दाखवत जा."

अंबूबाई पदराने चिखल पुसत राहिली.

माघात नवा दात बसला. शेजारची बयाबाई उंबऱ्यातूनच म्हणाली, "कस्तुराबाई, आ कर की, बगू दे."

तिने तोंड उघडायच्या आत अंबूबाई मध्ये उभी राहिली.

"लांबनं बग, बये. आत्ताशी मूळ धरतंय आमचं."