परतीची तीन टोकनं

"मावशी, तुमच्या शेंगा इथवर पोचतात का?"

नोरीनने हे ओरडून विचारलं तेव्हा शेंगावाल्या मावशी पंधरा ओळी खाली होत्या आणि ती स्वतः फिलाडेल्फियाच्या बेसबॉल मैदानात, सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या ओळीत उभी होती. मागे भिंत आणि भिंतीमागे थेट आकाश. याहून स्वस्त तिकीट मिळत नसे. इथून खेळाडू साबुदाण्याएवढे दिसत आणि चेंडू तर आहे असं मानूनच चालावं लागे. विचारायची पैज थिया आणि पॅटी या मैत्रिणींनी लावली होती. "वर्गात हजेरी देताना तुझा आवाज फुटत नाही," थिया म्हणाली होती, "विचारून दाखव, मग खरी."

मावशींनी मान वर केली. साठीची ठेंगणी बाई, गळ्यात शेंगांची पेटी. "एकतीस वर्षांत एकदाच नेम चुकलाय, तोही मध्ये बिशप उठून उभे राहिले म्हणून. पैसे धाड खाली."

पैसे धाडायचे म्हणजे पुढच्या ओळीतल्याच्या हातात द्यायचे. तो त्याच्या पुढच्याला देतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि उरलेली मोड त्याच वाटेने वर येते. कोण, कुठला, कुणी विचारत नाही. याच मंडळींनी पाच मिनिटांपूर्वी चेंडू टाकणाऱ्या आपल्याच पिचरच्या आईवडिलांचा उद्धार केला होता, पण परक्याची मोड मधल्यामध्ये कधी कुणी खाल्ली नाही. नोरीनने खिशातली घडी केलेली नोट पुढे दिली. ती हातोहात निघाली. मध्ये एक टोपीवाला जरा अडखळला, घडी चाचपली, मागे वळायला गेला, पण मग टोपी आणखी खाली ओढून त्याने ती पुढे दिली.

मावशींनी नोट घेतली, पाठ फिरवली आणि खांद्यावरून पिशवी भिरकावली. ती तीन टकलांवरून, एका फुग्याच्या बाजूने येऊन पॅटीच्या मांडीवर अलगद बसली. एक शेंगही सांडली नाही.

"ही बाई पिचर हवी होती," पॅटी म्हणाली. "आपण जिंकलो असतो."

नोरीनने हसत खिशात हात घातला आणि तिचं हसू मावळलं. हरवू नयेत म्हणून परतीच्या बसची तिन्ही टोकनं, तिकिटाऐवजी द्यायची ती धातूची नाणी, तिने त्याच नोटेच्या घडीत ठेवली होती.

घरून निघताना बाबांनी एकच अट घातली होती. "आपल्या पैशांनी जायचं, आपल्या पैशांनी यायचं. मला आणायला यावं लागलं, तर पुढचा सामना अठरा वर्षांची झाल्यावर." आज त्यांना वेळही नव्हता म्हणे. छपराची पन्हाळ दुरुस्त करायची होती, आणि शिडी धरायला आई.

"मावशी, त्या नोटेत..."

"टोकनं ना? मोडीबरोबर पाठवलीत. मी काय बसने फिरते का?"

टोकनं खरंच येत होती. आठव्या ओळीपर्यंत नीट आली. तिथे एक धिप्पाड प्लंबर बसला होता. त्याने मूठ मिटली आणि नेमका तेव्हाच आपल्या संघाने तीन आठवड्यांतला पहिला होमरन मारून चेंडू थेट प्रेक्षकांत धाडला. प्लंबरचे दोन्ही हात आभाळात गेले. मोड आणि टोकनं त्याहून वर गेली.

आरडाओरडा ओसरल्यावर त्याने रिकाम्या तळव्याकडे पाहिलं. "पोरी, माझ्या हातात काही होतं का?"

"आमचं घरी जाणं होतं," नोरीन म्हणाली.

प्लंबर गुडघ्यांवर बसला. त्याला बघून त्याची ओळ बसली, मग पुढची, मग मागची. सत्तर-ऐंशी माणसं खुर्च्यांखाली शिरली.

"पाय उचला, आजोबा."

"उचललाय. दुसरा उचलला तर पडेन."

"हे टोकन आहे की बाटलीचं झाकण?"

"चावून बघ."

शोधता शोधता डाव पालटला, समोरचा संघ फलंदाजीला आला आणि एवढ्यात सारं मैदान गर्जलं. एकाच चेंडूवर समोरच्यांचे तिघे बाद झाले होते. असं वर्षानुवर्षांत कधीतरी घडतं. या विभागात ते कुणीच पाहिलं नाही.

"काय झालं रे?"

"माहीत नाही. तू त्या पिशवीखाली बघ."

नोरीनला गहिवरून आलं. त्यात खालून हातोहात तीन सँडविचही वर आली. पोरी उपाशी असतील, असा निरोप होता. एकावर चिठ्ठी होती: 'कांदा नाही'.

"तुला कांदा चालत नाही हे त्यांना कसं कळलं?" थियाने विचारलं.

"आपल्या गावची माणसं मनकवडी आहेत," नोरीन म्हणाली आणि शोधायला पुढे रांगली.

दोन टोकनं मिळाली. तिसरं सातव्या ओळीतल्या एका खुर्चीखाली चकाकलं. तिने हात घातला, तेवढ्यात पलीकडून दुसऱ्या हाताने ते उचललं. हाताच्या वर टोपी होती आणि टोपीखाली बाबा.

दोघंही अजून ओणवेच होते.

"पन्हाळ झाली?" नोरीनने विचारलं.

"बऱ्यापैकी," बाबा म्हणाले.

शेजारच्या खुर्चीत, भलामोठा काळा चष्मा लावलेली आई सँडविचचा रिकामा डबा मांडीवर घेऊन बसली होती. "मी सांगत होते यांना, इतक्या जवळ बसू नका म्हणून."

"आम्ही खेळ बघायला आलोय," बाबा म्हणाले.

"हे?" मागून प्लंबर म्हणाला. "हे पहिल्या डावापासून टोपीखालून चोरून मागेच बघतायत. मला वाटलं, मान लचकलीय."

बाबांनी टोपी काढली. कोपरं झिजेस्तोवर तोच कोट वापरणाऱ्या या माणसाने मुलीवर लांबून नजर ठेवायला दोन तिकिटं काढली होती. "नोटेत टोकनं आहेत हे मला हाताला कळलं होतं गं. पण वळून सांगितलं असतं, तर तू मला ओळखलं असतंस." मग घसा खाकरून ते म्हणाले, "बरं, गाडी आणलीय. खेळ संपला की सगळे बरोबरच जाऊ."

गुडघ्यांवरची सत्तर-ऐंशी माणसं उत्तराची वाट बघत तशीच थांबली. नोरीनने बाबांच्या हातातलं टोकन काढून घेतलं आणि शेवटच्या ओळीलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आम्ही बसनेच येणार. तुम्ही बसच्या मागून गाडी आणायची नाही. सरळ घरी जा, आणि मी दार वाजवलं की मला विचारा, कसा झाला खेळ."